दर्या डिस्कोच्या सहा पेट्या

गोविंदरावांनी त्या दिवशी फक्त एवढंच ठरवलं होतं, की बायको फोनवर काय बोलते ते जरा ऐकायचं. जास्त काही नाही. पडवीत चिकू निवडतोय असं दाखवून बसायचं आणि कान तेवढा खिडकीकडे ठेवायचा. पण त्या एका कानापायी सहा पेट्या दिल्लीला गेल्या, तलासरीत म्हाताऱ्यांची मारामारी व्हायची वेळ आली आणि नरपडच्या एका चांगल्या बागायतदाराची अब्रू माइकवरून निघाली.

गोविंदराव माणूस वाईट नव्हे. संशयी. चिकूच्या बागेत उभा जन्म गेलेला माणूस संशयी होतोच, त्याला इलाज नाही. आंबा निदान रंग तरी बदलतो. चिकू कच्चा असो की तयार, बाहेरून तोच मातकट रंग आणि तेच गरीब तोंड. नखाने साल खरवडावी तेव्हा कळतं आत काय आहे ते. गोविंदरावांनी ते नख सगळ्यांना लावलं. दूधवाल्याला लावलं, हवामानखात्याला लावलं, सख्ख्या व्याह्याला लावलं. (देवळातला पेढासुद्धा आधी वास घेऊन मग तोंडात टाकायचे.)

आता नख बायकोवर आलं होतं. त्याला कारणही होतं. फुकट इंटरनेटची सिमकार्डं वाटली गेली तेव्हा त्यातलं एक ह्यांच्याही घरात शिरलं, आणि सून मयुराने सासूला व्हॉट्सॅप शिकवलं. तेव्हापासून रंभाबाई हसायला लागल्या. वालाच्या शेंगा सोलताना हसतात, कपडे वाळत घालताना गुणगुणतात, फोन वाजला की ओले हात पदराला पुसत धावतात. पन्नाशी उलटलेली बाई एकटीच हसते म्हणजे काय समजायचं? गोविंदरावांनी बरंच काही समजून घेतलं. मुलगा वापीला कंपनीत, त्याला विचारायची सोय नाही. सून सासूच्या पार्टीत. म्हणून मग कान.

कानावर पहिलंच वाक्य आलं ते असं : "जतीनचा गुडघा कसा आहे आता?"

गोविंदरावांच्या हातातला चिकू खाली पडला.

खरी गोष्ट काय होती ते सांगून टाकतो. ती गोविंदराव सोडून अख्ख्या डहाणूला माहीत होती. सत्याऐंशी साली ह्या बाजूला 'दर्या डिस्को' नावाची चार पोरांची पार्टी होती. जतीन गायचा, विनोद बेंजो वाजवायचा, दिपक ऑर्गन, आणि तलासरीकडचा लडक्या ड्रम बडवायचा. रुपेरी शर्ट, खाली पायघोळ पँटी, केस मानेपर्यंत. वाणगावपासून उंबरगावपर्यंत लग्न असो की नवरात्र, दर्या डिस्को नाही तर मजा नाही. एक कॅसेटही निघाली. एकच. मग पोरांची लग्नं झाली, केस गेले, पार्टी मोडली.

पण ऐकणारी माणसं कुठे जातात? ती तिथेच होती, म्हातारी होत. व्हॉट्सॅप आल्यावर एकमेकांना सापडली आणि 'दर्या डिस्को चाहता परिवार' निघाला. सव्वाशे माणसं. त्यांना त्या चौघांचं सगळं कौतुक. दिपक कोसबाडला शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाला, त्याला हार. विनोदला पोस्टात बढती मिळाली होती कधीतरी, तिचाही वाढदिवस. लडक्याने ड्रम सोडून तारपा धरला आणि पेपरात फोटो आला, तो फोटो महिनाभर ग्रुपवर फिरला. जतीन गाणं सोडून तलासरी नाक्यावर मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात पडला. त्याने निवडणुकीच्या जीपमधून चार दिवस पुकारा केला होता, तोसुद्धा ह्या मंडळींनी त्याच्या कारकिर्दीत धरला. परिवारात दोन गट होते, ए बाजूवाले आणि बी बाजूवाले. कॅसेटची कुठली बाजू सरस, यावरून चिंचणीच्या शितलने सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. आणि ह्या सगळ्यांची अ‍ॅडमिन रंभाबाई.

नवऱ्याला का नाही सांगितलं? तर त्यांच्याच लग्नात वाणगावच्या मांडवात दर्या डिस्को होती. जतीन गाता गाता नवरीकडे बघतोय असा नवरदेवाला संशय आला. नवरदेव पाटावरून उठला आणि मुंडावळ्या सावरत जाऊन जनरेटरची वायर उपटली. गाणं बंद पडलं, पण दिवेही त्याच वायरवर. पंगत अंधारात बसली होती, आणि व्याह्यांच्या ताटात कढी समजून कोणी काय वाढलं ते अजून दोन्ही घरांत बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. त्या दिवसापासून दर्या डिस्कोचं नाव त्या घरात निघालं नाही.

आणि आता जतीनचा गुडघा.

गोविंदरावांनी कान आणखी पुढे केला. रंभाबाई हळू आवाजात सांगत होत्या की पेट्या पडवीतच ठेवल्यात, बांधून तयार आहेत, ह्यांना पत्ता लागू दिलेला नाही, टेम्पो बुधवारी सकाळी हे बाजारात गेले की येऊ दे. मग जरा थांबून म्हणाल्या, "बुधवारी तलासरीला एकदा सगळं जमलं, की मग मला कोणाची भीती नाही."

झालं. बायको हातची चालली, अशी गोविंदरावांची पक्की खात्री झाली. इतकी वर्षं संसार केला, मुलगा वाढवला, कलमं लावली, आणि शेवटी ती त्या जतीनच्या गुडघ्यापायी चालली. आणि जाताना पेट्या घेऊन.

त्याच दिवशी, सोमवारी दुपारी, रंभाबाई मयुराला घेऊन वाणगावला भावाकडे गेल्या, दोन दिवस राहून येते म्हणाल्या. (भावाच्या अंगणात चाहत्यांच्या नाचाची प्रॅक्टिस होती. गोविंदरावांना वाटलं, निरोप घ्यायला गेली.) रिक्षा वळणावर गेली न गेली तोच हे पडवीत.

पेट्या सापडल्या. गवताच्या गंजीमागे सहा पेट्या, सुतळीने आवळून बांधलेल्या, वर निळ्या रंगाने मार्का : डीडी. आता चिकूच्या धंद्यात पेटीवरचा मार्का म्हणजे माणसाचं तोंड. गोविंदरावांचा मार्का 'गो' आणि वर चंद्रकोर. दिल्लीच्या बाजारात चंद्रकोर दिसली की आडत्या पेटी न उघडता बोली पुकारायचा. आणि इथे त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच पेट्यांवर, दुसऱ्याचा मार्का.

गोविंदरावांना सगळं उलगडलं. बागेतला निवडक माल ही बाई बाजूला काढते आणि त्या गवयाला पोचवते.

त्यांनी एक पेटी उचलून बघितली. जड. दुसरी उचलली, ती हलकी. तिसरी हलवली तर आत काहीतरी खडखडलं. गोविंदरावांना मनापासून वाईट वाटलं. प्रेमात पडली ती पडली, इतकी वर्षं बागायतदाराच्या घरात काढून पेटी तरी धड भरायला शिकली असती.

आता तुम्ही विचाराल, सुतळी सोडून आत बघायला काय झालं होतं? तेच तर. बांधलेली पेटी बागायतदार फोडत नाही. फोडलेली पेटी पुन्हा किती आवळली तरी तिची पट्टी सैल दिसते, आणि आडत्या ते लांबून ओळखतो. मग म्हणतो, माल बदललाय, आणि भाव पाडतो. गोविंदरावांनी जन्मात बांधलेली पेटी फोडली नव्हती. जगाला नख लावणारा हा माणूस, पण सुतळी बसली की तिथे त्याचा हात थांबायचा.

पॅकिंगला येणारी नवशी तेवढ्यात पडवी झाडायला आली. मालक डीडीवर चुना फासून चंद्रकोर काढतायत हे बघून ती झाडू घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "मालक, ह्या पेट्या बाईंच्या हायेत. बाईंना इचारा."

"बाईंनाच तर विचारायचं नाहीये," गोविंदराव म्हणाले.

नवशीने जरा विचार केला. नवरा-बायकोच्या मधे पडून कोणाचं भलं झालं नाही, हे तिला तीन घरची कामं करून कळलेलं होतं. शिवाय संध्याकाळी तिला भावाच्या लग्नाला पाड्यावर जायचं होतं. ती झाडून गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीचा ट्रक आला आणि गोविंदरावांच्या चाळीस पेट्यांच्या पोटात ह्या सहा पेट्या बसल्या. ट्रक गेला तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी एकट्याने दोन वाट्या खीर खाल्ली.

मंगळवार त्यांनी भाषण तयार करण्यात घालवला. बुधवारी बाजार सोडून सकाळीच तलासरीची एसटी धरली. जतीनला आणि रंभाला एकत्र पकडायचं, आणि पकडून काय करायचं ते तिथे बघायचं. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं तशी एसटीतल्या सगळ्यांनी हात जोडले. गोविंदरावांनीही जोडले आणि देवीला सांगितलं, रंगेहाथ सापडू दे. (देवीने ऐकलं. फक्त कोण सापडणार ते त्यांनी नीट सांगितलं नव्हतं.)

नाक्यावर जतीनच्या नावाचा बोर्ड होता आणि मागच्या मैदानात मंडप. लग्नसराईत मंडप रिकामा फक्त बुधवारी, म्हणून समारंभ बुधवारी. गोविंदरावांना वाटलं होतं, एखादी बंद खोली असेल, पडदा ओढलेला असेल. इथे शंभरेक म्हातारे-कोतारे खुर्च्यांवर. बायकांनी रुपेरी काठाच्या साड्या नेसलेल्या, पुरुषांच्या खिशाला रुपेरी रिबिनी. वर कापडी फलक : दर्या डिस्को, तीस वर्षं. स्टेजवर चार म्हातारे साध्या शर्टात बसलेले, तोंडं उतरलेली. आणि माइकपाशी रंभाबाई.

गोविंदराव खांबाआड उभे राहिले. रंभाबाई सांगत होत्या की टेम्पो सकाळी घरी गेला तर पडवी रिकामी. सहाच्या सहा पेट्या चोरीला गेल्या.

मंडपात गलका झाला. ए बाजूवाले बी बाजूवाल्यांकडे बघायला लागले. शितल उठून म्हणाली, की पेट्या कुठे ठेवल्यात हे फक्त ए बाजूवाल्यांना माहीत होतं. ए बाजूचा एक काठीवाला म्हातारा म्हणाला, बी बाजूच्या माणसांचं गाणं जसं तशी नियत. तिसऱ्याने त्याची काठी धरली. विनोद स्टेजवरून हात जोडत होता, दिपकने डोळे मिटून घेतले होते, आणि जतीन एक पाय लांब करून बसला होता, त्याला उठता येत नव्हतं.

गोविंदरावांना ह्यातलं एकच वाक्य कळलं : पेट्या चोरीला गेल्या. त्यांची छाती फुगली. ते खुर्च्यांतून वाट काढत थेट स्टेजवर चढले आणि बायकोच्या हातातून माइक घेतला.

"चोरीला नाही गेल्या," ते म्हणाले. "मी पकडल्या. सोमवारीच दिल्लीला लावून दिल्या. माझ्या बागेचा माल असा फुकट कोणाच्या घशात जाऊ देणार नाही."

काठी धरलेला आणि काठीवाला, दोघेही तसेच थांबले.

रंभाबाईंनी विचारलं, "काय होतं त्यात?"

"चिकू."

"उघडून बघितलंत?"

"बांधलेली पेटी मी फोडत नाही," गोविंदराव म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण त्याचा त्यांना अभिमान होता.

मग रंभाबाईंनी सांगितलं काय होतं ते. चौघांचे रुपेरी शर्ट होते, तीस वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपलेले. विनोदचा बेंजो होता, गवतात गुंडाळून. गावोगावच्या चाहत्यांनी आणून दिलेली पोस्टरं, फोटो, आणि त्या एका कॅसेटच्या उरलेल्या सात प्रती. आज त्या शर्टांत, त्या बेंजोवर, ही माणसं एकदाच पुन्हा वाजवणार होती. म्हणून सहा महिने त्या हसत होत्या. एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गोविंदरावांना ओरडण्याची सवय होती, ह्याची नव्हती.

"मी वाणगावला जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी एकटे राहा. बघा कोणावर संशय घेता येतो का."

बायको जाणार म्हणून ते पकडायला आले होते, आणि ती खरोखरच जाणार हे त्यांनीच जमवून आणलं होतं. तोंड उघडलं तर तयार केलेलं भाषण बाहेर यायला लागलं, ते त्यांनी गिळलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पडद्यावर दिल्लीचा आडत्या. गडबडीत त्यांनी भलतंच, स्पीकरचं बटण दाबलं, आणि हातात माइक होताच, त्यामुळे आडत्याचा आवाज अख्ख्या मंडपात घुमला.

"गोविंदरावजी, ये चीकू की कौन सी जात है? चमकती है."

आडत्याने रीतीप्रमाणे चंद्रकोर बघून न उघडता बोली लावली होती. घेणाऱ्याने पेटी फोडली तर आतून चार रुपेरी शर्ट. दुसरी फोडली तर बेंजो. घेणारा भडकलाय, आडत्याची सगळ्या बाजारात शोभा झालीय. "तीस साल से आपकी पेटी बिना खोले ली है," आडत्या म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रागापेक्षा दुःख जास्त होतं. "अब से खोल के लूंगा."

साऱ्या जगावर संशय घेता घेता गोविंदरावांना हे कधी सुचलंच नव्हतं, की त्यांच्यावर मात्र एक माणूस डोळे मिटून विश्वास ठेवत होता.

"माझ्या वडिलांनीही हीच चूक केली," रंभाबाई म्हणाल्या. "न उघडता घेतलं."

माइकने तेही पकडलं. मंडपातली ए बाजू हसली, मग बी बाजू हसली. लडक्या तर खुर्चीवरून घसरला. आणि त्या हशाखालून फोनमधून एक आवाज येत होता, टिणटिण, टिणटिण. विनोद एकदम उभा राहिला. त्याने सगळ्यांना गप्प केलं.

"माझा बेंजो," तो म्हणाला. "कोण वाजवतंय?"

आडत्या म्हणाला, एक हमाल आहे, पेटीवर बसून वाजवतोय, लोक जमलेत, धंद्याची खोटी होतेय. विनोदने गोविंदरावांच्या हातातून फोन जवळजवळ ओढलाच आणि आपल्या पोस्टातल्या हिंदीत हमालाला सांगितलं की तिसरी तार उतरलीय, कान पिळ, आणखी पिळ, बस. मग त्याने ए बाजूच्या पहिल्या गाण्याची चाल तोंडाने म्हणून दाखवली. हमाल हुशार निघाला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसली. दिपकने ऑर्गन चालू केला, लडक्याने तारपा तोंडाला लावला, आणि जतीन बसल्या जागेवरून गायला लागला. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण मंडपात कोणाचे कान तरी पहिल्यासारखे राहिले होते? बेंजो दिल्लीहून यायचा तो अर्धा ताल मागे. कोणाला फरक पडला नाही. बायका नाचल्या. काठीवाल्याची काठी शितलनेच शोधून दिली. गाणं संपलं तेव्हा फोनमधून दिल्लीचे लोक ओरडत होते, एक और.

चाहता परिवाराने तिथल्या तिथे ठराव केला, की दर्या डिस्कोचा दिल्लीत कार्यक्रम झाला, आणि तो कारकिर्दीत धरण्यात यावा. टाळ्या झाल्या. पेट्या परत पाठवायला आडत्या कबूल झाला. (भाडं कोणाच्या नावावर, हे कोणी विचारलं नाही. सगळे गोविंदरावांकडे बघत होते.)

संध्याकाळी सामान घेऊन जतीनचा टेम्पो डहाणूकडे निघाला. पुढे जतीनचा ड्रायव्हर आणि मयुरा, मागे खुर्च्यांच्या ढिगावर हे चार कलावंत, त्यांच्यात रंभाबाई, आणि कडेला गोविंदराव. रंभाबाई वाणगावला न जाता टेम्पोत का चढल्या, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. पण दुसरं एक विचारल्याशिवाय राहवेना. चारोटी मागे पडल्यावर ते सरकत सरकत बायकोच्या कानापाशी गेले.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "एकदाच सांग. ह्या चौघांतला तुला कोण आवडायचा?"

"चौघंही," रंभाबाई म्हणाल्या.

गोविंदराव एकाची तयारी करून बसले होते. चौघांची नव्हती. त्यांनी एकेकाकडे बघून घेतलं. एकाला टक्कल, एकाला कवळी, एक घोरत होता, एकाने बाम चोळायला पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती. मग त्यांनी विचारलं, "आणि मी?"

रंभाबाईंनी ह्यावर खरोखर विचार केला. टेम्पो दोन वळणं घेईपर्यंत केला.

"तुम्ही नवरा," त्या म्हणाल्या. "हा माइकचा स्टँड जरा धरून ठेवा. जतीनचा आहे, पडला तर मोडेल."

गोविंदरावांनी डहाणू येईपर्यंत तो दोन्ही हातांनी धरला.